गजबजलेल्या दालनातले जेवण

वडील गेल्यानंतरच्या वर्षभरात आईचे जेवण फार कमी झाले होते. साताऱ्याच्या घरी ती एकटीच असे. सकाळी दोन पोळ्या करायच्या, एक दुपारी खायची आणि दुसरी रात्री, असा तिचा क्रम होऊन बसला होता. फोनवर विचारले, की ‘एकटीला जेवण जात नाही गं’ एवढेच उत्तर येई. म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये मी रजा काढली आणि तिला घेऊन धाकट्या बहिणीकडे फ्रान्सला, ल्योंला गेले. आम्ही तिथे सहा आठवडे राहिलो. बहिणीच्या घरी वरणभातापासून थालीपीठापर्यंत सगळे रांधले जात असूनही आईने पहिले काही दिवस नेहमीसारखे चारच घास खाल्ले. ती मनापासून, चवीने आणि पोटभर जेवताना मी पुन्हा पाहिली, ती पेराश स्टेशनाजवळच्या एका जुन्या ब्रासरीत, म्हणजे दिवसभर जेवण देणाऱ्या भोजनगृहात, शेकडो अनोळखी माणसांच्या गजबजाटात. त्या जागेविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

या जागेशी आमची गाठ पडली ती पहिल्याच दिवशी आणि भुकेमुळे. पॅरिसहून ल्योंला वेगवान रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. आम्ही पेराशला उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते, बहीण कामावरून पाचला सुटणार होती आणि आदल्या रात्रीच्या विमानातल्या जेवणाला आईने हातही लावला नव्हता. जवळच्या एका छोट्या उपाहारगृहाचे दार उघडे दिसले म्हणून आत गेलो, तर खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवलेल्या होत्या आणि फरशी पुसण्याचे काम चालू होते. स्वयंपाकघर अडीचला बंद झाले असून आता सात वाजता उघडेल, असे आम्हाला सांगण्यात आले. फ्रान्समध्ये यात वावगे काही नाही. बहुतेक उपाहारगृहे दुपारी दोन-अडीच तास आणि रात्री दोन-तीन तास जेवण देतात, मधल्या वेळात चूल विझलेली असते आणि माणसे विश्रांती घेतात. पुण्यात गेली वीस वर्षे फ्रेंच शिकवताना मी मुलांना हे वेळापत्रक नेमाने सांगत आले आहे. परंतु सत्तरीची आई हातात पिशवी धरून दाराशी उभी असताना ते वेळापत्रक फार कठोर वाटले.

तेवढ्यात मला आठवले, की ब्रासरी या शब्दाचा अर्थ सांगताना आपण वर्गात एक वाक्य हमखास सांगतो: इथे दिवसभर, कोणत्याही वेळी जेवण मिळते. स्टेशनाच्या बाजूलाच ब्रासरी जॉर्जची मोठी पाटी दिसत होती. आम्ही रस्ता ओलांडला.

आत पाऊल टाकताच आई थबकली. तिने मान वर केली आणि बराच वेळ ती छताकडेच पाहत राहिली. ते दालन कोणालाही थबकायला लावील असेच आहे. सातशेहून अधिक चौरस मीटरचे ते छत एकाही खांबाच्या आधाराविना उभे आहे. देवदाराच्या जातीच्या वृक्षांच्या तीन प्रचंड तुळयांनी ते तोलून धरले आहे, आणि त्या तुळया आल्प्सच्या शार्त्रझ डोंगरातून बैलगाड्यांवरून आणल्या गेल्या असे तिथे सांगतात. खांब नसल्यामुळे दारातून शेवटच्या टेबलापर्यंत नजर थेट जाते. लाल गाद्यांच्या लांबच लांब बाकांच्या रांगा, त्यांच्यामधून तबके घेऊन जाणारे वाढपी, वर 1924 साली केलेली आर्ट डेको शैलीची रंगीत सजावट आणि खाली काट्या-चमच्यांचा, हसण्याचा, बाटल्यांची बुचे उघडण्याचा एक अखंड गुंजारव. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि तरीही निम्मी टेबले भरलेली होती.

ब्रासरी म्हणजे मुळात बिअरची भट्टी. ‘ब्रासे’ म्हणजे बिअरसाठी धान्याचा लगदा ढवळणे, आणि तो जिथे ढवळला जातो ती ब्रासरी. आजही फ्रेंचमध्ये बिअरच्या कारखान्याला हाच शब्द आहे. भट्टीच्या मालकाने ताजी बिअर तिथल्या तिथे विकायला चार बाके मांडायची, पिणाऱ्याला भूक लागते म्हणून सोबत काहीतरी भरभक्कम, खारट खायला ठेवायचे, आणि हळूहळू त्याचेच भोजनगृह व्हायचे, असा हा प्रवास आहे. ल्योंच्या या जागेचा संस्थापक जॉर्ज होफेर हा अल्सासचा, म्हणजे जर्मनीच्या सीमेलगतच्या प्रांतातला, बिअर बनवणारा होता. त्याने 1836 साली रोन आणि सोन या दोन नद्यांमधल्या जमिनीच्या पट्ट्यावर आपली भट्टी उभी केली. शेजारचे पेराश स्टेशन 1857 चे, म्हणजे आज प्रवाशांच्या सोयीची वाटणारी ही जागा स्टेशनापेक्षा वीस-एकवीस वर्षांनी जुनी आहे. इथे आजही स्वतःची बिअर बनते.

फ्रान्समधल्या नावाजलेल्या ब्रासरींची मुळे शोधत गेले, की पुन्हा पुन्हा अल्सासपाशीच येऊन पोहोचायला होते. पॅरिसमध्ये बास्तीयजवळची बोफँजे 1864 ची, तिचा संस्थापक अल्सासचा. साँ-जेर्मँ भागातली लिप 1880 ची, तिचा संस्थापकही अल्सासचा. यामागे रेल्वेने अल्सासची बिअर पॅरिसपर्यंत ताजी पोहोचू लागली हे एक कारण आहे, आणि त्याच काळात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यामुळे वाइन महागली हे दुसरे. तिसरे कारण मला सगळ्यांत जवळचे वाटते. 1870-71 च्या युद्धात फ्रान्स हरला आणि अल्सास जर्मनीकडे गेला. ज्यांना फ्रेंच नागरिक म्हणून राहायचे होते, त्यांना 1 ऑक्टोबर 1872 पर्यंत घरदार सोडून निघणे भाग होते. जे निघाले त्यांच्यापैकी काहींनी परक्या शहरांत आपल्या मुलखाची बिअर आणि आपल्या मुलखाचे जेवण विकायला सुरुवात केली. गाव हातचे गेले, पण ताट बरोबर आले.

हे मी आईला टेबलाशी बसल्यावर थोडक्यात सांगितले, तेव्हा ती चटकन म्हणाली, ‘‘म्हणजे आपल्या इराण्यासारखंच की.’’ तिचे म्हणणे किती नेमके आहे, हे मला नंतर विचार करताना अधिक जाणवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि करमानकडून मुंबईत आणि पुण्यात आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी कोपऱ्यावरची दुकाने घेतली, संगमरवरी टेबले आणि लाकडी खुर्च्या मांडल्या, भिंतीवर आरसे लावले आणि जातपात न विचारता कोणालाही तासभर बसू दिले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी वडील तिला पुण्याच्या कॅम्पातल्या एका इराण्याकडे घेऊन जात असत, हे तिने त्या दिवशी मला प्रथमच सांगितले. ब्रून मस्का दोघांत एक घ्यायचा आणि चहा मात्र दोन, असा त्यांचा ठरलेला बेत असे. वडिलांविषयी ती इतके सलग, न थांबता वर्षभरात बोलली नव्हती.

मागवायचे काय, हा प्रश्न आमच्यासारख्यांना फ्रान्समध्ये नेहमीच पडतो. मी मासे खाते. आई अंडे खाते, पण मांस-मासे नाहीत, आणि ‘मांसाच्या पाण्यात शिजवलेलेही नको’ हे तिचे म्हणणे सर्वांना समजावून सांगावे लागते. आमच्या टेबलाचा वाढपी पन्नाशीचा, बारीक मिशांचा गृहस्थ होता. पांढरा सदरा, काळे जाकीट आणि गुडघ्याखाली येणारा पांढरा एप्रन असा त्याचा वेष. अशा माणसाला ‘गार्साँ’ म्हणून हाक मारायची नसते. जुन्या पाठ्यपुस्तकांतून शिकलेली मंडळी अजूनही तसे म्हणतात, पण त्या शब्दाचा अर्थ ‘पोरगा’ असा होतो आणि आज तो कोणालाही रुचत नाही. आधी ‘बाँजूर’ म्हणायचे, मग ‘मस्यू’ म्हणून बोलायचे. या दोन शब्दांनी फ्रान्समध्ये किती दारे उघडतात, हे तिथे राहिलेला कोणीही सांगेल.

मी त्याला आईचे नियम सांगितले. त्याने वही खिशात ठेवली, नीट ऐकून घेतले आणि एकेका पदार्थाचा माझ्याबरोबर विचार केला. कांद्याचे सार नको, कारण त्याच्या बुडाशी मांसाचा रस असतो. ल्योंची प्रसिद्ध कोशिंबीर, जिच्यावर पाण्यात उकडलेले अंडे ठेवतात, ती मांसाचे तुकडे काढून देता येईल का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, की तुकडे काढता येतील, पण वरून घातलेली गरम फोडणीच मुळी त्या चरबीची असते, तेव्हा बाईंना ती चालणार नाही. हे न सांगता त्याने तुकडे तेवढे वेचून थाळी आणली असती, तर आम्हाला कधी कळलेही नसते. मग तो स्वतः स्वयंपाकघरात जाऊन विचारून आला आणि दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक म्हणजे साय आणि दूध घालून भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि दुसरी ‘सेर्व्हेल द कान्यू’.

या दुसऱ्या पदार्थाचे नाव शब्दशः घेतले तर ‘विणकराचा मेंदू’ असे होते, त्यामुळे ते मी आईला लगेच सांगितले नाही. कान्यू म्हणजे ल्योंचे रेशीम विणणारे कारागीर. 1831 आणि 1834 साली आपल्या मजुरीच्या दरांसाठी उठाव करणारे ते हेच. मांस परवडत नसे म्हणून ते ताज्या, मऊ चीजमध्ये चिरलेली हिरवी पात, लसूण, छोटे कांदे, थोडे तेल, थोडा व्हिनेगर आणि मीठ-मिरपूड घालून ते ब्रेडला लावून खात. पांढऱ्या वाडग्यात तो गोळा आला. आईने चमच्याच्या टोकाने चाखला आणि म्हणाली, ‘‘अगं, हा तर चक्का आहे. साखरेच्या जागी लसूण घातलाय.’’ मग तिने टोपलीतला पाव मोडला, त्यावर तो जाड लावला आणि खाल्ला, पुन्हा मोडला, पुन्हा लावला. टोपली रिकामी झाली तेव्हा वाढप्याने न मागता दुसरी आणून ठेवली. फ्रान्समध्ये जेवणाबरोबरचा पाव आणि सुरईतले साधे पाणी यांचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि वाढप्याच्या सेवेचे पैसेही पदार्थाच्या किमतीतच धरलेले असतात. आईला हे कळल्यावर तिचा उरलासुरला संकोचही गेला.

मी केनेल मागवले होते. नदीतल्या पाईक नावाच्या माशाला काटे फार असतात, म्हणून त्याचे मांस वाटून, चाळून, त्यात अंडी, लोणी आणि पिठाची उकड मिसळून हाताच्या पंजाएवढे लांबट गोळे करतात. हलक्या उकळत्या पाण्यात शिजवून ते सॉसमध्ये ठेवतात आणि मातीच्या पात्रात भट्टीत घालतात. भट्टीतून काढल्यावर केनेल दुपटीने फुगलेले असते, वरची साय तपकिरी झालेली असते, कडेने केशरी सॉस खदखदत असतो, आणि टेबलावर आल्यापासून पहिली काही मिनिटेच ते तसे राहते. वाढपी ते जवळजवळ धावतच आणतो आणि ‘पात्र गरम आहे’ म्हणून बजावून ठेवतो, त्यामागे हे कारण आहे. चमचा घातला की आत केवळ वाफ आणि रवाळ मऊपणा लागतो. ल्योंमध्ये मी ते चार ठिकाणी खाल्ले. इथले सर्वांत नाजूक नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दुपारी चार वाजता, प्रवासाने आंबलेल्या शरीराला ते जसे लागले तसे दुसरे कोणतेच लागले नाही.

ल्योंला जाणाऱ्या प्रत्येकाला ‘बूशाँ’मध्ये जेवण्याचा सल्ला मिळतो. बूशाँ म्हणजे चौकडीच्या टेबलपोशांची, लहान, दाटीवाटीची, जुन्या पद्धतीची भोजनगृहे. त्यांची कीर्ती मोठी आहे आणि ती खरी आहे. परंतु तिथले बहुतेक पदार्थ आतड्यांचे आणि डुकराच्या मांसाचे असतात, वेळा मोजक्या असतात आणि जागा इतकी कमी असते, की मूल रडले तर आईबापांना ओशाळे व्हावे लागते. माझ्या मते तीन पिढ्या, तीन प्रकारच्या आवडीनिवडी आणि एखादी बाळाची गाडी घेऊन जेवायचे असेल, तर ब्रासरीला पर्याय नाही.

पुढच्या सहा आठवड्यांत आम्ही तिथे सात वेळा गेलो. बहिणीचे घर चालत पंधरा मिनिटांवर, एने भागात आहे. मग त्या दालनातल्या माणसांची मला हळूहळू ओळख पटू लागली. दुपारी रेल्वेच्या गणवेशातली माणसे येत, त्यांना घाई असे आणि त्यांचे ताट खरोखरच लवकर येई. शनिवारी मोठमोठी कुटुंबे येत, आजोबा टेबलाच्या टोकाला बसत आणि नातवंडे बाकांखालून इकडून तिकडे जात. गाडी चुकलेले प्रवासी येत, पायाशी बॅगा ठेवून सूप पीत. एकदा शेजारच्या टेबलावर शुक्रूत मागवलेले तरुण मित्रांचे टोळके होते. शुक्रूत म्हणजे मीठ लावून आंबवलेला बारीक चिरलेला कोबी, वाइनमध्ये शिजवलेला, त्यावर सॉसेज, धुरावलेले मांस आणि उकडलेले बटाटे. ताटली इतकी मोठी, की ती ठेवण्यासाठी वाढप्याला टेबलावरचे पेले हलवावे लागले. आंबवलेल्या कोबीचा तो उग्र, आंबटसर वास आमच्यापर्यंत आला, तेव्हा आईने नाक मुरडले नाही. ‘‘आंबवण्याचा वास सगळीकडे सारखाच,’’ एवढे म्हणून ती आपल्या बटाट्यांकडे वळली.

पण आईचे लक्ष खरे गुंतले होते ते खिडकीजवळच्या एका टेबलात. तिथे एक वृद्ध बाई एकटीच बसत असे. ऐंशीच्या आसपासचे वय, नीट विंचरलेले पांढरे केस, कोटावर एक छोटी पिन. आम्ही दुपारी गेलो, त्यातल्या तीन खेपांना ती तिथे होती. वाढप्यांना तिची सवय असावी, कारण ती बसली की न विचारता तिच्यासमोर पाण्याची सुरई आणि पावाची टोपली येई. ती सावकाश, क्रमाने जेवत असे: आधी काहीतरी कोशिंबिरीसारखे, मग मुख्य पदार्थ, मग चीजचा एक तुकडा, मग कॉफी. मध्ये ती हातातले पुस्तक उघडे ठेवी, पण वाचत फार थोडे असे. बहुतेक वेळ ती दालनाकडे पाहत असे. तिच्या एकटीसाठी चार पदार्थांचे पूर्ण जेवण जितक्या निगुतीने वाढले जाई, तितक्याच निगुतीने ते दहा जणांच्या टेबलावरही वाढले जाई. मी मुद्दाम निरखून पाहिले आहे. मुख्य पदार्थानंतर वाढपी एका चपट्या धातूच्या पट्टीने तिच्या टेबलावरचे पावाचे कण गोळा करी, आणि ते करताना तिच्याशी दोन वाक्ये बोले.

‘‘घरी कोणी नसेल का तिचं?’’ आईने पहिल्यांदा विचारले. दुसऱ्या वेळी ती काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी तिने त्या बाईकडे पाहून मान लववली आणि त्या बाईनेही मान लववून उत्तर दिले.

गजबजाटाविषयी मला इथे थोडे लिहायला हवे, कारण अशा जागांबद्दल ‘फार आवाज असतो’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आवाज असतो, यात शंका नाही. फरशी कडक, आरसे कडक, गालिचे नाहीत, आणि एका छताखाली कित्येकशे माणसे. तरीही त्या आवाजाचा त्रास होत नाही, याचे कारण मला छताच्या उंचीत दिसते. बुटक्या खोलीत शेजारच्या टेबलाचे प्रत्येक वाक्य कानावर आदळते. इथे आवाज वर जातो, एकमेकांत मिसळतो आणि खाली येतो तो शब्द हरवलेला, पावसासारखा सलग होऊन. त्यामुळे आपल्या टेबलावरचे बोलणे आपल्याला ऐकू येते, शेजाऱ्याला ऐकू जात नाही, आणि बोलायला काही नसेल तर गप्प बसणेही अवघडल्यासारखे होत नाही. आईच्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी सातनंतर जी शांतता असते ती मला माहीत आहे. तिथे ताटावर चमचा लागला तरी दचकायला होते. ज्या माणसाचे घर असे शांत झाले आहे, त्याला हा सलग आवाज अंगावर शाल घेतल्यासारखा वाटत असावा. तिने तसे शब्दांत सांगितले नाही, पण तिथे बसताच तिचे खांदे सैल होत, हे मी प्रत्येक वेळी पाहिले.

भाचीचा दहावा वाढदिवस नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. संध्याकाळी घरी आईने पाटाभोवती रांगोळी काढून, सोन्याची अंगठी आणि सुपारी घेऊन तिचे औक्षण केले, आणि मग आम्ही सगळे ब्रासरीत गेलो. शनिवार असल्यामुळे दाराबाहेर रांग होती, पण टेबल आधी सांगून ठेवले होते. त्या रात्री ते दालन मी प्रथमच पूर्ण भरलेले पाहिले. वाढपी तळहातावर तोललेली तबके खांद्याच्याही वर धरून रांगांमधून जात होते आणि एकमेकांना धक्का न लावता वळत होते. ते पाहतानाच जेवण कधी संपले ते कळले नाही.

वाढदिवस साजरा करण्याची तिथली एक जुनी रीत आहे. अचानक सगळ्या दालनातले दिवे मंदावतात. क्षणभर सगळा गजबजाट थांबतो. मग यांत्रिक ऑर्गनचे सूर सुरू होतात, जत्रेतल्या चक्राजवळ वाजावेत तसे किंचित किनरे आणि आनंदी, आणि अंधारातून एक वाढपी फुलबाजी लावलेली ताटली घेऊन चालत येतो. तो कोणाच्या टेबलाकडे निघाला आहे, हे पाहायला सगळे माना वळवतात. तो थांबला, की सगळे दालन त्या एका माणसासाठी टाळ्या वाजवते. त्या संध्याकाळी आमची पाळी येण्यापूर्वी हे चार वेळा घडले. एकदा पंचविशीतल्या एका मुलासाठी, एकदा एका आजोबांसाठी, ज्यांना उभे राहून सर्वांना अभिवादन करायला त्यांच्या मुलाने हात दिला. आईने प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. आजोबांच्या वेळी सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिच्या चालूच होत्या.

भाचीसाठी आम्ही ‘ओमलेत नोर्व्हेजिएन’ सांगितले होते. नावात ऑम्लेट असले तरी हा गोड पदार्थ आहे. खाली स्पंज केक, त्यावर आइस्क्रीम, आणि त्याच्याभोवती अंड्याच्या पांढऱ्या भागात साखर घालून फेटलेल्या फेसाचा जाड थर. त्या फेसात हवेचे असंख्य बुडबुडे अडकलेले असतात, आणि हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही, म्हणून वरून आच दिली तरी आतले आइस्क्रीम वितळत नाही. दिवे मंदावले, सूर सुरू झाले, आणि आमच्या नेहमीच्या वाढप्याने टेबलाशी येऊन छोट्या पातेलीतले तापवलेले मद्य पेटवून त्या पांढऱ्या डोंगरावर ओतले. निळी ज्योत शिखरावरून कडेकडेने खाली उतरली, फेसाची टोके क्षणात सोनेरी झाली आणि जळत्या साखरेचा वास पसरला. भाचीचा चेहरा त्या निळ्या उजेडात दिसत होता. आईने नकळत दोन्ही हात ज्योतीवरून फिरवून आपल्या डोळ्यांना लावले. वाढप्याला ते काय होते हे कळले नसावे, पण ज्योत पूर्ण विझेपर्यंत तो ताटली तशीच स्थिर धरून उभा राहिला.

निघण्याच्या दिवशी पेराशहूनच आमची पॅरिसची गाडी होती, दुपारी उशिराची. बहिणीला आणि मला सामान आणि तिकिटांचे थोडे काम होते. आई म्हणाली, ‘‘मी इथेच बसते. तुम्ही दोघी जाऊन या.’’ तिला फ्रेंचमधले ‘बाँजूर’ आणि ‘मेर्सी’ हे दोनच शब्द येत होते. मी वाढप्याला सांगितले, की आई अर्धा तास एकटी बसेल. तो म्हणाला, ‘‘हवा तितका वेळ बसू द्या,’’ आणि खिडकीजवळच्या बाकाकडे हात केला. ती वृद्ध बाई त्या दिवशी आलेली नव्हती.

आम्हाला परतायला पाऊण तास लागला. लांबून पाहिले तर आई पाठ भिंतीला लावून, तोंड दालनाकडे करून बसली होती. समोर पावाची टोपली आणि रिकामा झालेला पांढरा वाडगा होता, शेजारी कॉफीचा छोटा पेला होता आणि वाढपी चपट्या पट्टीने तिच्या टेबलावरचे कण गोळा करत तिला काहीतरी सांगत होता. ती मान डोलावत ऐकत होती. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने हातरुमालाची नीट चौकोनी घडी घातली, ती ताटलीशेजारी ठेवली आणि विचारले, ‘‘एवढ्यात आलात?’’